खालच्या अंगाला धर

शेफील्डमध्ये, वॉक्लीच्या चढावर आमचं घर.
हातातून निसटलेला नट
तिसऱ्या घराच्या फाटकाशी जाऊन थांबतो.
मागे कोळशाची खोली, कोळसा कधीच संपलेली.
तिथे मी मोटर बसवली.

आधी लाकडी टेबलावर.
बटण दाबलं, तर टेबलच चालत आलं माझ्याकडे,
जुनी ओळख असल्यासारखं.
मग फरशीला चार भोकं, लोखंडी खांब, रबराच्या चकत्या,
आणि शेजारच्या मिस्टर थ्रेलफॉलना आगाऊ माफीची चिठ्ठी.

डावीकडे सायसलचं चाक, दोरखंडाच्या वासाचं, खरखरीत.
उजवीकडे सुती, मांजराच्या पोटासारखं.
पॉलिशच्या कांड्या तीन: तपकिरी, हिरवी, पांढरी.
एकीची खर दुसरीच्या चाकाला लागली
की केलेलं सगळं मातीत,
म्हणून चाकांवर मार्करनं नावं घातली,
शाळेच्या डब्यांवर घालतात तशी.

सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या.
एनिड, वय एकोणऐंशी.
पंधराव्या वर्षापासून पुढे सत्तावीस वर्षं
त्यांनी काटे-चमचे चाकाला लावले,
डोक्याला लाल फडकं,
अंगाभोवती तपकिरी कागद, वरून सुतळी.
बारा वर्षं मी त्यांचा जावई.
कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मोटरसायकलच्या क्लचचं झाकण
चाकानं माझ्या हातून हिसकलं.
भिंतीचा टवका उडाला. माझा कान थोडक्यात वाचला.
दारात त्या. हातात चहा.
माझ्यासाठी नव्हे, स्वतःचा.

"वरच्या अंगाला धरलंस.
चाक तुझ्याकडे खाली येतंय ना? मग खालच्या अंगाला धर.
सुटलं तर जमिनीत जाईल, दातांत नाही.
आणि ते लोकरीचे मोजे काढ.
धागा सापडला की चाक बोटही मागून घेतं."
डावी करंगळी त्यांनी दाखवली नाही.
मीच पाहिली, पेरभर कमी.

"तोंडाला काय?"
"मास्क आहे."
"खुंटीवर कुणाचा श्वास घेतोय तो?"

मग झाकण खिडकीशी नेलं, तिरकं धरलं,
भाजीवाल्याकडे वांगं बघावं तसं.
"चकाकीची घाई झाली तुला.
हा खड्डा बघ. ही रेघ बघ.
चाक काही लपवत नाही बाबा, चाक चुगली करतं.
आधी कागद. दोनशे चाळीस आडवा, चारशे उभा, सहाशे पुन्हा आडवा.
मागची रेघ मेली की पुढचा घ्यायचा, आधी नाही.
आणि ॲल्युमिनियमची धूळ झाडून काढ,
मगच लोखंड लाव. दोघांचं पटत नाही,
भडकतात."

कप माझ्या हातात दिला, बाह्या सारल्या.
कोपरं बरगड्यांशी, पाय थोडे फाकलेले.
दाब हातांतून नव्हता, कमरेतून होता.
मोटरचा आवाज जरा खाली आला, नमला म्हणा हवं तर,
आणि धातूवर एक लहानशी पट्टी उजळली,
जेमतेम चमच्याएवढी.
तेवढ्यावरच थांबल्या.
"गरम आहे," म्हणाल्या,
मी हात लावून झाल्यावर.

रात्री नाक शिंकरलं. रुमाल काळा.
त्यांना नको दिसायला म्हणून खिशात कोंबला,
तोवर त्यांनी पाहिला होता.
"आमच्या विनिफ्रेडनं काम सोडलं,
तरी तिचा रुमाल पांढरा व्हायला तयार नव्हता," इतकंच म्हणाल्या,
आणि बटाटे सोलत राहिल्या.

सकाळी खुंटीवरचा मास्क जागेवर नव्हता.
बेंचवर होता, पट्ट्या आवळलेल्या.
खुंटीवर तपकिरी कागद, माझ्या मापानं घडी घातलेला,
वर सुतळी, गाठ न मारलेली.

झाकणाचा चारशेचा कागद अजून बाकी आहे.