अर्धा टक्का

रात्रपाळी. पुलाच्या केबिनमध्ये मी एकटी.
खाली डुलुथचं बंदर, सरोवर काळं, नोव्हेंबरचं.
हीटरपाशी थर्मास, आणि जुन्या कॅलेंडरच्या
पाठकोऱ्या पानावर दोन रकाने.

डावीकडे डोरीन : पावणेसात टक्के.
उजवीकडे ट्रेंट : सव्वासहा.
मधल्या अर्ध्या टक्क्यात
महिन्याचे सत्तर डॉलर,
तीस वर्षांचे पंचवीस हजार दोनशे.
तीनदा गुणाकार केला. आकडा तोच येतो,
दर वेळी थोडा अधिक चिडलेला.

पण सह्यांना उरलेत अकरा दिवस.
ट्रेंटकडे जायचं तर पुन्हा पगाराच्या स्लिपा,
पुन्हा कुणीतरी टेप घेऊन येणार,
तळघरातली ओल हुंगणार, मान हलवणार,
आणि या सगळ्याचे अठराशे वीस,
जे फिटायला सव्वीस महिने.
पुढे फायदाच की, वेंडेल म्हणतो,
आणि त्याच घासाला म्हणतो,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी नको.
तोंडात बटाटा. दोन्ही वाक्यं त्याला पटलेली.

घर ओस्बीआजोबांचं. जहाजांवर स्वयंपाकी होते.
एकोणतीस तारखेचा ट्रक ठरलाय त्यांचा,
मुलीकडे, फार्गोला.
तारीख हुकली तर रांगेत दुसरं गिऱ्हाईक आहे,
हे त्यांनी मला सांगितलं नाही.
स्टोव्हचं डावं बर्नर कसं पेटवायचं ते सांगितलं,
काडी आधी, गॅस मग,
आणि दोनदा करून दाखवायला लावलं.

एक वाजून दहा मिनिटांनी भोंगा :
लांब, तोकडा, लांब, तोकडा.
मी तसाच परत देते.
पूल वर चढतो. दोन्ही काठांवर गाड्या थांबतात,
एखादीत कुणीतरी नक्कीच शिव्या घालत असणार.
जहाज अर्ध्यात आलं की मला पूल उतरवता येत नाही
आणि त्याला मागं फिरता येत नाही.
यातून मी काही अर्थ काढत नाही.
मला याचा पगार मिळतो.

ट्रेंट टँपाहून बोलतो. आवाज उन्हातला.
मला ऑन म्हणतो. आउने, मी म्हणते.
बरोबर, ऑन, तो म्हणतो,
अकरा दिवसांत होईल, शंभर टक्के.
शंभरातले किती टक्के कागदावर देशील, विचारलं,
तर हसला. छान हसतो.

डोरीनला शुक्रवारी खरं सांगून टाकलं.
वाटलं होतं चिडेल. ती नाक शिंकरत म्हणाली,
वर विचारलं मी, खाली यायला तयार नाहीत.
तू माझी पोर असतीस तर म्हटलं असतं, जा.
पण पोरी, तारीख सांभाळ.
हिच्याकडून सोडून जायची परवानगी मिळाली
आणि तिथंच माझं घोडं अडलं.

पहाटे सहाला ट्रेंटला दोन ओळी लिहिल्या. आभार.
स्पेलिंग तपासून खाली माझं नाव टाकलं.
ही निष्ठा वगैरे नव्हे. मला भीती वाटली, एवढंच.
एका म्हाताऱ्याच्या ट्रकची, एका तारखेची,
पुन्हा भाड्याच्या खोलीत जाऊन
बांधलेली खोकी सोडायची.

वेंडेल म्हणाला, समज की
झोपेचे सत्तर डॉलर भरतोय आपण.
घरी आले, पडदे ओढले, आडवी झाले.
दहा वाजता अजून टक्क जागी,
छताकडे बघत पुन्हा गुणाकार :
सत्तर गुणिले बारा, गुणिले तीस.

मग उठून काडेपेटी आणायला गेले.
मोठ्या काड्यांची, लांब.