डाव्या चाकामागे

मे महिन्यात परभणीत रंग हवेतच वाळतो.
नळीतून निघतो ओला,
पंखावर पोचेस्तोवर भुकटी.
म्हणून मी पहाटे चारला बसते, कूलर बंद करून,
कॉम्प्रेसरखाली जुनी सतरंजी,
वरच्या मजल्यावरचं तान्हं उठू नये एवढ्यासाठी.

दिवसा जिंतूर रोडला रेडियमचं दुकान.
नंबरप्लेटा, ट्रॅक्टरच्या माथ्यावर पोरांची नावं,
एकाला हेडलाइटच्या वर डोळेच हवे होते, रागीट.
अक्षरं कापून कापून हात थांबायला शिकला.
तो थांबलेला हात घेऊन मी घरी येते
आणि चिमट्यानं चिकटवते
तुरीच्या दाण्याएवढं तिरंगी चक्र.

नॅट आहे हे. पाच इंचसुद्धा नाही.
अण्णांचं विमान. म्हणजे
अण्णा त्याच्याखाली पाठीवर पडून असायचे, सहा वर्षं.
कॉर्पोरल मुंजाजी रणेर, एअरफ्रेम फिटर.
उडाले एकदाही नाहीत.

रुपेरी रंगाला आधी काळा लागतो,
बल्ब दिसेल इतका झगझगीत काळा.
पापणीचा एक केस खाली राहिला
तर शेवटी विमान दिसत नाही, तो केस दिसतो.
तीन नॅट नासले माझे. चौथ्याला
चांदी पातळ ठेवली, तेव्हा कुठं
खालचा काळा आतून बोलायला लागला.

मग तीन रात्री त्याला जुनं केलं.
सांध्यांतून तपकिरी ओघळ, टर्पेंटाइननं सैल केलेला.
शेपटाशी काजळी.
चाकांवर खिडकीतली धूळ, चहाच्या गाळणीतून
आणि मग मोज्यातून गाळलेली.
तेलरंगाची ट्यूब जर्मनीची, माती परभणीची;
म्हणीला निदान एवढा तरी अर्थ आला.

अण्णांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.
"हे काय करायलीस गं?"
जुनं दिसावं म्हणून, अण्णा.
"जुनं कशाला दिसंल? रोज पुसायचो आम्ही.
असं उभं केलं असतं
तर सार्जंटनं मलाच रंगवला असता."

आणि इअरबड मागितला.
हात थरथरत होता, पण पुसण्याची दिशा चुकत नव्हती:
नाकाकडून शेपटीकडे, पुन्हा नाकाकडून.
माझ्या तीन रात्री अकरा इअरबडांवर निघाल्या.
मी काही बोलले नाही.
बोलले. वार्निश जाईल म्हणाले.
ऐकलं नाही त्यांनी.

बाराव्याला विमान उलटं केलं
आणि थांबले.
"इथलं राहू दे."
डाव्या चाकामागे, नखाएवढी जागा.
"हे गळायचं. हायड्रॉलिकचं. तीनदा सील बदललं.
फॉर्मवर लिहायचो, ठीक."
कोण लिहायचं?
"सही माझीच की."
आणि ते उडायचं?
"उडायचं. यायचं बी माघारी."
बाहेर पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजला, बादल्या हलल्या,
आम्ही दोघंही उठलो नाही.
"एकदा उशिरा आलं," ते म्हणाले.

मी लाल घेतला, जरा तपकिरी.
"इतकं लाल नाही. उन्हात मधावाणी होतं ते."
पिवळा टाकला. शंभर नंबरी सुईनं एक थेंब.
"आता माघं ओढ. वारं माघंच जातं ना."
ओढला.
"आणखी."
आणखी ओढला.

आता ते टीव्हीवर आहे, लखलखीत.
पाहुणे म्हणतात, अगदी नवं कोरं.
वर वार्निशचे दोन हात, तो डाग
केव्हाच काचेखाली गेला.
तरी सकाळी, चहाच्या आधी,
अण्णा ते उलटं करतात, डाव्या चाकामागे बोट घासतात,
बोट हुंगतात,
आणि पायजम्याला पुसून टाकतात.