निव्वळ वजन

एकतीस वर्षं मी पुण्यात काटे तपासले.
मंडईत, मार्केट यार्डात, बोपोडीच्या भंगारवाल्यांकडे.
पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक
मला नुसत्या आवाजावरून कळायचं.
दुकानदार चहा मागवायचे. मी प्यायचो नाही.

आता आमच्या फ्रिजचं दार लागत नाही.

वरच्या फळीवर गव्हांकुरांचा रस,
धायरीहून भावजी पहाटे साडेपाचला आणतात,
हेल्मेटसकट दारात उभे, आत येत नाहीत.
त्यामागे लक्ष्मणफळाचा गर, बर्फात.
अर्काची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
नाव सांगायची गरज नाही, वास सांगतो.
जर्दाळूच्या कडू बिया, रोज मोजून सात,
सोसायटीच्या सेक्रेटरीनं जिन्यात दिल्या,
हळूच, लाच द्यावी तशा.
आणि एक काळी पूड, तिला लेबलच नाही.
ती मी आणली.

हो, मीच.
सासवड रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये
माणसं नंबर धरून बसलेली,
मांडीवर फायली, कुणाच्या डोक्याला रुमाल.
तो माणूस नाडी न बघताच म्हणाला,
केमोनं गाठ मरते आणि माणूसही,
माझ्याकडे फक्त गाठ.
मी विचारलं नाही, निव्वळ वजन किती,
बॅच नंबर काय, तारीख कुठाय,
कितीजणांना दिलं, त्यातले किती आहेत.
किराणावाल्यांना याच्या अर्ध्या प्रश्नांनी मी घाम फोडलाय.
अकरा हजार रोख दिले. पावती मागितली नाही.

कुंदा सगळं प्यायची. नाक दाबून,
मग पेला उलटा करून दाखवायची.

चौथ्या केमोच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला,
लिव्हरचे आकडे पाचपट.
पाळंदे डॉक्टर ओरडल्या नाहीत.
केमो पुढे ढकलू, म्हणाल्या,
घरात जे जे आहे ते उद्या घेऊन या.

भाजीच्या दोन पिशव्या भरल्या.
त्यांच्या टेबलावर मी बाटल्या मांडल्या,
जप्तीचा माल मांडतात तशा, ओळीनं.
पंचनाम्यात नाव माझं.

त्यांनी एकेक उचलली.
हे बंद. हे आपल्या औषधाशी भांडतं.
या बिया पोटात जाऊन विष होतात, खरंखुरं विष.
आल्याचा तुकडा? चघळा की, मळमळीला बरा.
काळ्या पुडीपाशी थांबल्या. यात काय आहे?
माहीत नाही, मी म्हणालो.
हे उत्तर मी कधी कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं.

मग मी विचारलंच, जरा चिडून,
तुमच्या औषधाची तरी खात्री किती?
शंभरात साठ, त्या म्हणाल्या.
आकडा कमी वाटला.
पण तो कुणीतरी मोजला होता.

कुंदा तेव्हा बोलली, खिडकीकडे बघत,
"हे मला नव्हतंच, डॉक्टर.
यांना रात्री झोप लागायची नाही.
मी प्यायले की लागायची."

रिक्षात आम्ही गप्प.
नळस्टॉपच्या सिग्नलला ती म्हणाली,
"भावजींना काय सांगायचं?"

भावजींना सांगितलं. तरी येतात, रिकाम्या हातानं,
आता आत येऊन चहा घेतात,
बशीत ओतून, काही न बोलता.
फोनही येतात. मिरजेच्या मामेबहिणीला
कुणीतरी हिमालयातलं बुरशीचं काहीतरी सांगितलंय.
मी लिहून घेतो, स्पेलिंगसकट.
लिहून घेणं म्हणजे घेणं नव्हे.

तीन आठवड्यांनी आकडे उतरले.
आज केमो. निघण्याआधी वजन,
डोस त्यावर ठरतो, म्हणून रोज वहीत नोंद.
ती काट्यावर चढते, तोल जातो,
माझ्या खांद्यावर हात टेकते.
हात काढ, मी म्हणतो, काटा कमी दाखवतोय.
"असू दे जरा," ती म्हणते.

सेहेचाळीस पूर्णांक दोन.
मापात पाप, ढळढळीत, माझ्या डोळ्यांसमोर.
हॉस्पिटलात पुन्हा करतीलच, तिथलं खरं धरतील.
मी वही उघडतो,
सेहेचाळीस पूर्णांक दोन लिहितो,
आणि खाली सही करतो.