बुधवारचं इतिवृत्त

बरोबर पाऊण वाजता
अध्यक्ष बार्रेटो पितळी घंटा वाजवतात
आणि केप्याच्या बाजारात, औषधांच्या दुकानावरच्या माडीवर
आम्ही समाजसेवेला बसतो.

हजर सतरा. रजा कळवलेले चार.
न कळवलेले फळदेसाई,
ते खाली गाडी लावतायत
गेली वीस मिनिटं.

मी सचिव. लिहिणं माझ्याकडे.
मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत असतो
तोवर जिन्यातून हुमणाचा वास वर येतो
आणि कुणीच दुरुस्ती सुचवत नाही.
कायम.

मग दंडाची पेटी फिरते.
लोटलीकरबाईंना, मुलगी पास झाली म्हणून पन्नास,
प्रभुगावकरांना, बिल्ला विसरले म्हणून वीस,
मला, पत्रात 'कृपया' दोनदा लिहिलं म्हणून दहा.
हसतो आम्ही. चांगली माणसं आहोत,
हे मी तिरकसपणे म्हणत नाही.
मोतीबिंदूची एकशे बारा ऑपरेशनं आमच्या खात्यावर,
सरकारी दवाखान्यातली चाकांची खुर्चीही आमचीच,
डावं चाक सोडून.

आजचे वक्ते. विषय : ग्रामीण दळणवळण.
मडगावहून निघालोय, असं एक वाजता म्हणाले.
सव्वा वाजता म्हणाले, गाडी मिळत नाही.
बार्रेटो हवालदिल :
भाषणाशिवाय जेवण म्हणजे
नुसतं जेवणच की!
त्यांनी वाढपाच्या खिडकीकडे पाहिलं.
"जयवंती, तू बोल. पंधरा मिनिटं. काहीही."

ती पदराला हात पुसत आली.
"हांव कितें उलोवपाचें?"
माइक धरला उलथन्यासारखा,
गरम टोक लांब.

"नऊ वर्षं ऐकते तुमचं, खिडकीतून.
आमच्या वाड्यावरच्या साकवाचं तुम्ही बोलता,
पावसात बोलता,
चवथ झाली की बोलत नाही.
ते असू दे.
तुम्ही पाटी लावली होती ना, 'नियोजित साकव',
खाली सगळ्यांची नावं?
पाटी बरी आहे. खोटं कशाला बोलू.
आमच्या माणसांनी माडाचे दोन सोट टाकले व्हाळावर,
त्यातला एक मधेच कुजला,
तिथे तीच आडवी घातली, लोखंडी चौकटीसकट.
पत्रा जाड आहे. वाकत नाही.
पोरं तुमच्या नावांवरून शाळेत जातात.
अक्षरांची बाजू वर ठेवली आम्ही, मुद्दाम,
उठावाची आहेत,
ओल्या पायांना धरून ठेवतात."

मग माइक टेबलावर आडवा ठेवला,
"बांगडे गार होतात," म्हणाली
आणि गेली.
तीन मिनिटं झाली होती.

पंखा फिरत होता, एवढं नोंदवतो.
लोटलीकरबाईंनी चष्मा काढून पुन्हा तोच घातला.
प्रभुगावकर आभार मानायला उठले,
तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा 'अत्यंत'पाशी अडकले.
तेवढ्यात फळदेसाई दारात, घामाघूम :
"माझं काही चुकलं का?"
कुणी त्यांना दंडही केला नाही.

आम्ही जेवलो.
काय करणार, भूक लागली होती
आणि हुमण नेहमीसारखंच होतं,
नेहमीपेक्षा चांगलं किंवा वाईट असतं
तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन वही उघडली. लिहिलं :
वक्ते अनुपस्थित.
खोडलं.
वक्त्या : श्रीमती जयवंती वेळीप.
विषय : ग्रामीण दळणवळण.
चर्चा : नाही.
ठराव :

इथे पेन तसंच राहिलं.

पुढच्या बुधवारी हे वाचायचं आहे मोठ्यानं,
जिन्यातून वास यायच्या आत.

माझं नाव त्या पाटीवर शेवटून दुसरं.
पदासकट. रंगवणाऱ्यानं 'सचिव'मधला 'व' जरा मोठाच केला होता,
मी तेव्हा तक्रारही केली होती.
आता सकाळी साडेसातच्या सुमारास
दाढी करता करता हात थांबतो.
कुणाचं तरी पाऊल त्यावर पडत असेल
आणि घसरत नसेल.