चौथा मुद्दा

वाघगाळीच्या खाणीत मी एकोणीस वर्षं काट्यावर होतो.
ट्रक यायचा, फळीवर चढायचा,
मी खिडकीतून आकडा वाचायचो, पावती फाडायचो.
कोळसा नव्हे, बॉक्साइट.
खरं धूळ ती धूळच,
बायकोच्या भांगात कुंकवाआधी पोचलेली.

खाण बंद झाली ती गेटवरच्या एका कागदानं.
खळ अजून ओली होती.
कागद कानडीत.
शंभरेक माणसं त्याच्यापुढं उभी,
सोयऱ्याच्या लग्नात जेवायला उठा म्हणायचं
कुणी विसरल्यासारखी.

मडिवाळप्पा ड्रिलरनं चष्मा लावला
आणि आपल्या मोडक्या मराठीत वाचून दाखवलं:
"बंद म्हणालाय रे. लीज रद्द म्हणालाय.
हरकत असंल तर एकवीस दिवसात द्या म्हणालाय."
मधेच एकदा थांबला.
माझ्याकडं बघितलं. पुढं वाचलं.

सांजच्याला भगव्या झेंड्यांची जीप आली:
नोटीस मराठीत का नाही?
सकाळी लाल-पिवळे गमछे आले:
कानडीतच का नसावी?
खानापूर दीड दिवस बंद,
लोंढ्याच्या बसची पुढची काच गेली,
ड्रायव्हर म्हणे दोन्ही भाषांत रडला.

बाराव्या दिवशी
बेंगळूरचा पक्ष म्हणाला, दिल्लीनं केलं.
दिल्लीचा म्हणाला, फाईल बेंगळुरात अडलीय.
मुंबईहून एक साहेब आले, म्हणाले,
तुम्ही आमच्यात असता तर...
आणि ते वाक्य
निपाणीच्या पुढं टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांत विसरून गेले.

मष्णू गावडा उठला, टोपी हातात:
"खरं साहेब, नोटिशीत काय लिवलंय, त्याचं बोला की."
टाळ्या पडल्या.
साहेबांनीही वाजवल्या.

मराठी तर्जुमा आला तेविसाव्या दिवशी.
एक काना चुकला नव्हता, एक वेलांटी नव्हती.
लढा जिंकला म्हणून पेढे वाटले
कँटीनच्या बंद शटरपुढं.

पेढा तोंडात धरून मी तो कागद वाचला.
मुद्दा पहिला, पर्यावरण.
दुसरा, वनखातं.
तिसरा, थकबाकी.
चौथा:
काट्यावरील नोंदी व प्रत्यक्ष वजन यांत तफावत.

फोन रात्री साडेनऊला यायचा.
सोळाचे दहा लिही, कामती.
मी लिहायचो.
सहा टन अंधारातून कुठं जायचे
ते विचारायची माझी पायरी नव्हती,
खरं ट्रकांच्या काचेवर स्टिकर असायचे
आणि स्टिकर मला वाचता यायचे.
सोमवारी एक चिन्ह, गुरुवारी दुसरं.
भाषेची अडचण कधीच आली नाही.

म्हणून सतरा सभांत, सहा निवेदनांत, एका मोर्चात
कुणाच्या तोंडी चौथा मुद्दा नव्हता.
माझ्याही.

बायको विचारते, बंद कुणी पाडली हो?
मी सांगतो, पक्षांनी.
हे खोटं नाही.
सोळातले दहा आहेत.

काटा अजून आहे. वायर उंदरांनी खाल्ली.
फळीवर घाणेरी उगवलीय, पोरं तिथं क्रिकेट खेळतात,
आउट की नॉटआउट यावरून भांडतात,
मला बोलवतात, मामा तुम्ही सांगा.
मी सांगत नाही.

मडिवाळप्पा गोव्याला गेला, वॉचमन म्हणून.
लोंढ्याला सोडायला मीच होतो.
ट्रंक वर चढवून दिली, पाण्याची बाटली दिली,
आणि गाडीनं धक्का घेतला तेव्हा विचारलं,
मडिवाळा, चौथा का वाचला नाहीस?

त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला.
चार पोरं त्याच्याही घरी,
आणि माझ्या पावत्यांवर सही कुणाची
हे बघायला त्याला चष्मा कधी लागला नव्हता.

"अक्षर बारीक होतं रे," म्हणाला.