शिळी

शिकागोहून फोनवर सेलेरिनो विचारतो,
"चिलाकिलेसला तोर्तिया कुठली घ्यायची?"
"शिळी," एउफ्रोसिना म्हणते. "कालची.
ताजी रश्श्यात विरघळते, लाज घालवते."

मातीच्या तव्यावर एक फुगते आहे.
ती बोटांनीच उलटते,
चुन्याच्या पाण्यानं
पिवळी पडलेली नखं.

"इथली शिळीच होत नाही, आई.
पाकिटातली.
पंधरा दिवस झाले, अजून मऊ."

ती गप्प.
कोंबड्या उंबऱ्याशी येऊन थांबल्यात,
परवाचे तुकडे त्यांच्या वाट्याचे.

"मग काल संपला
हे तुला कळतं कशावरून?"

पलीकडे नुसतं पाकीट चुरचुरतं.

"उन्हात वाळव थोडी," ती म्हणते शेवटी.
आणि जरा थांबून,
"ऊन पडतं ना रे तिथं?"