शीग

भवानी पेठेत वडिलांचं धान्याचं दुकान होतं.
वर्षातून एकदा वजनमापवाला यायचा,
चिपटं, मापटं, अधोली, पायली
उलटी करून बघायचा, मग शिक्का.
एकदा आमच्या मापट्याला आतून पोचा निघाला.
मूठभर ज्वारीचा फरक, तोही किती वर्षांचा कोण जाणे.
वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत.

आता मी धनकवडीच्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर
मनाची मापं जुळवते.

कात्रजचे लोक सत्तावीसपैकी मोजतात,
खडकीचे त्रेसष्टपैकी,
आमची जुनी प्रश्नावली एकवीसची,
तिचा सहावा प्रश्न झेरॉक्समध्ये कायमचा पुसट.
सगळे आकडे निनाद एका तक्त्यात ओततो.
मध्य पन्नासवर, पायरी दहाची.
पन्नास म्हणजे मधलं माणूस.
बाराशे जणांनी उत्तरं दिली तेव्हा ते तयार झालं.
त्यातले काही मला आठवतात:
स्वारगेटचा कंडक्टर, ज्यानं पेन परत दिलं नाही,
आणि मंडईतली गजरेवाली,
"उदास म्हणजे कधीपासूनचं धरायचं, लग्नापासून?"
पन्नासचं माणूस मात्र
अजून कुणालाच भेटलेलं नाही.

भाषांतराच्या वेळी आफळे मॅडमशी भांडले होते.
त्यांनी लिहिलं होतं, 'निरुत्साह वाटणे'.
म्हटलं, मॅडम, निरुत्साह इथे कुणाला वाटत नाही,
इथे जीव रमत नाही, घास फिरतो तोंडातल्या तोंडात,
शेजारून मारलेली हाक
सिंहगडावरून आल्यासारखी येते.
एका ओळीत बसव, त्या म्हणाल्या.
'कशातच मन न लागणे'वर मिटलं.
हाक बाहेर राहिली.

गेल्या मंगळवारी शेवंता खुडे आल्या.
पिशवीतल्या पिशवीत दोन कागद, चार घड्यांचे.
कात्रजला होत्या तेव्हा अठरा.
मग लेकीकडे खडकीला, तीन महिन्यांनी, एकतीस.
"जावई म्हणाला, मामी, जवळजवळ दुप्पट झालं.
रोज गोळी घेतली हो मी. एक दिवस चुकवली नाही."
आणि हे त्या अशा सांगत होत्या
जसं गॅसवर दूध ठेवून विसरल्या असाव्यात.

तक्ता उघडला. अठरा टाकले: सहासष्ट.
एकतीस टाकले.
सहासष्ट.
पडदा त्यांच्याकडे फिरवला, बोट ठेवून दाखवलं.
"म्हणजे मी तेवढीच आहे?"
तेवढीच.
"वाढले नाही?"
नाही.
त्यांनी पदरानं कपाळ पुसलं, पंखा चालू असताना.
कमी झालं नाही हेही खरं होतं,
गोळी बदलावी लागेल हेही,
पण ते सांगायला मी डॉक्टर नाही
आणि त्या क्षणी मला घाईही नव्हती.

मग उठता उठता म्हणाल्या,
"एक आहे पण. आता मी सुनेशी भांडते.
आधी भांडायचंसुद्धा सुचायचं नाही."

वडील माप शिगोशीग भरायचे,
मग त्यावरून पट्टी फिरवायचे, गिऱ्हाइकासमोर.
शीग खाली पोत्यात.
सरळ माप ते सरळ माप.
त्यानंतर पिशवीत एक मूठ वरून टाकायचे,
तिचा हिशोब वहीत कधी नसायचा.
लहानपणी मला वाटे, वडिलांना मोजता येत नाही.

शेवंताबाईंच्या कागदावर, सहासष्टच्या शेजारी,
मी शिसपेन्सिलीनं लिहिलं: भांडतात.
संध्याकाळी निनादनं विचारलं,
हे कुठल्या रकान्यात टाकू?
कुठल्याच नको, म्हटलं.
पण खोडू नकोस.